नाभीय अंतर : धाराशिवच्या काही चेहऱ्यांविषयी

ओव्यांच्या संकलनाच्या निमित्ताने आम्ही काही वर्षे लोहारा तालुक्यातील पुनर्वसित गावांत विद्यार्थ्यांना घेऊन जात होतो. विद्यार्थी ओव्या उतरून घेत. आणि छायाचित्रणाचा जुना नाद असल्यामुळे गाणाऱ्या बायांची कृष्णधवल व्यक्तिचित्रे काढण्याचे काम आपसूकच माझ्याकडे आले. पहिल्या खेपेस कॅमेरा पिशवीतच राहिला. कारण घरात पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवरून एक कृष्णधवल चेहरा आधीच आमच्याकडे पाहत असे. चौकटीला वाळलेला हार, खाली नाव, नावाखाली तारीख. जन्माची तारीख बहुतेक चौकटींत नव्हतीच. मृत्यूची मात्र घरोघर एकच होती : ३० सप्टेंबर १९९३.

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत त्या पहाटे काय झाले ते मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. मला सांगायचे आहे ते त्या भिंतींवरच्या चेहऱ्यांविषयी. चार-पाच घरे फिरल्यावर त्या छायाचित्रांत एक विलक्षण साम्य जाणवू लागले. सगळे चेहरे जरा सपाट, गाल आणि कान जणू एकाच प्रतलात. नजर पाहणाऱ्याकडे असूनही त्याच्या बरीच पलीकडे गेलेली. आणि सगळ्यांवर जाड वाळूसारखे कण. एखाद्याच छायाचित्रकाराची ही शैली असावी, असे प्रथम वाटले. एका घरातील मुलाने त्याचा उलगडा केला. वडिलांचा सुटा फोटो कधी काढलेलाच नव्हता. भूकंपानंतर आत्याच्या सासरी, परगावी, तिच्या लग्नातला एक समूहफोटो सापडला. त्यातून वडिलांचा तेवढा चेहरा काढून उमरग्याला मोठा करून आणला. ‘शेजारी काका होते, त्यांचा खांदा रिटचिंगमध्ये घालवला,’ असे तो सहज म्हणाला.

त्या संध्याकाळी परतताना एसटीत बसून मी वहीवर एक हिशेब मांडला. तालुक्याच्या गावातील स्टुडिओवाल्याकडे त्या काळी बहुधा यशिकासारखा, वरून डोकावून पाहण्याचा जोडभिंगी कॅमेरा असे. त्याचे भिंग एकच, ८० मिलिमीटरचे, न बदलता येणारे. निगेटिव्हची चौकट ५६ मिलिमीटरची. तीन मीटर रुंदीचा वऱ्हाडी घोळका तीत मावायचा, तर छायाचित्रकाराला साडेचार मीटर मागे जावे लागणार. अशा निगेटिव्हवर एका माणसाचे डोके, हनुवटीपासून फेट्याखालच्या कपाळापर्यंत, जेमतेम साडेतीन-चार मिलिमीटरचे उमटते. ज्वारीच्या दाण्याएवढे. तेवढ्यातून भिंतीवरचा चेहरा तीसपट मोठा करून निघालेला. त्यावरचे वाळूसारखे कण म्हणजे हे अंतर भरून काढण्याच्या खटपटीचे व्रण होते.

व्यक्तिचित्रासाठी कोणत्या नाभीय अंतराचे भिंग निवडावे, हा प्रश्न छायाचित्रणाच्या प्रत्येक हौशी माणसाला पडतो, आणि प्रत्येक पुस्तकात त्याचे ठरलेले उत्तर असते : ३५ मिमी फिल्मवर ८५ ते १०५ मिलिमीटर. माझ्या पिशवीत त्या वेळी दोन भिंगे होती, एक ५० मिलिमीटरचे आणि एक ८५ चे. कोणते लावावे, हा निर्णय मी त्या भिंती पाहिल्यानंतर सहज घेऊ शकलो नाही. का, ते सांगण्यासाठी थोडी भौतिकी आणि बराच इतिहास सांगावा लागेल.

आधी भौतिकी. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातील ‘नाभीय अंतर’ ही संज्ञा आपल्या परिचयाची असते. दूरच्या वस्तूकडून आलेले समांतर किरण भिंगातून जाऊन ज्या बिंदूत एकत्र येतात, ती नाभी. भिंगापासून नाभीपर्यंतचे ते नाभीय अंतर. म्हणजे हे अंतर कॅमेऱ्याच्या पोटातले आहे. समोर बसलेल्या माणसापर्यंतच्या अंतराशी त्याचा थेट संबंध नाही. नवशिके या दोहोंत गोंधळ करतात, आणि पाठ्यपुस्तके तो गोंधळ दुरुस्त करून पुढे जातात. माझ्या मते तो गोंधळ फार अर्थपूर्ण आहे. मराठीत ‘अंतर’ हा शब्द दोन गोष्टींमधली जागाही सांगतो आणि मनाचा आतला भागही. ‘अंतर देऊ नकोस’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन्ही असते.

‘लांब’ भिंगाने चेहरा सपाट दिसतो आणि ‘रुंद’ भिंगाने नाक मोठे होते, असे सर्रास म्हटले जाते. ते बरोबर नाही. चेहऱ्याचा घाट ठरतो तो केवळ कॅमेरा कुठे उभा आहे यावरून. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटिमीटर मागे असतो. अर्ध्या मीटरवरून पाहिले तर कान नाकाच्या मानाने जवळपास पाचव्या हिश्शाने लहान दिसतो. एक मीटरवरून अकरा टक्क्यांनी. दोन मीटरवरून अवघा सहा टक्क्यांनी. साडेचार मीटरवरून हा फरक नाहीसाच होतो. भिंग बदलल्याने यातले काहीच बदलत नाही. नाभीय अंतर ठरवते ते इतकेच, की त्या जागेवरून चौकटीत किती मावेल. मात्र व्यवहारात चौकट आधी ठरलेली असते. डोके आणि खांदे, म्हणजे सुमारे साठ सेंटिमीटरची उंची, उभ्या चौकटीत बसवायची, तर ५० मिलिमीटरचे भिंग तुम्हाला नव्वद सेंटिमीटरवर उभे करते, ८५ चे दीड मीटरवर, १३५ चे जवळजवळ अडीच मीटरवर. म्हणून भिंग निवडणे म्हणजे परक्या माणसापासून किती दूर उभे राहायचे हे निवडणे. नव्वद सेंटिमीटर म्हणजे हात लांब केला तर खांद्याला लागेल इतके. दीड मीटर म्हणजे ओसरीवर पाहुण्याने बसायचे ते. अडीच मीटरवरून थोडे मोठ्याने बोलावे लागते.

लग्नाच्या घोळक्यातून कापून काढलेला चेहरा आणि फार लांब भिंगाने टिपलेला चेहरा यांचा घाट याच नियमाने एकसारखा असतो. त्या भिंतींवरच्या माणसांना कुणीही लांब भिंगाने टिपलेले नव्हते. पण त्यांच्या वाट्याला आलेले अंतर तेच होते.

आता इतिहास. छायाचित्रणाच्या आरंभी नाभीय अंतराची निवड हा सौंदर्याचा प्रश्नच नव्हता. तो उजेडाचा प्रश्न होता. १८३९ मध्ये दागेरचे तंत्र जाहीर झाले तेव्हाची भिंगे इतकी मंद होती की माणसाला कित्येक मिनिटे उन्हात निश्चल बसावे लागे. १८४० मध्ये व्हिएन्नातील गणितज्ञ योझेफ पेट्झव्हाल याने खास व्यक्तिचित्रासाठी एफ ३.६ इतक्या तेजाचे भिंग गणिताने सिद्ध केले आणि हा काळ मिनिटाच्या आत आला. या भिंगात मधोमध तीक्ष्णता आणि कडांकडे जाताना वाढत जाणारी अस्पष्टता होती. तो खरे तर दोष. पण पुढची कितीतरी वर्षे चेहरा स्पष्ट आणि पाठीमागचे जग विरघळलेले, हीच व्यक्तिचित्राची खूण होऊन बसली. आज लोक जी धूसर पार्श्वभूमी मिळावी म्हणून महागडी भिंगे घेतात, तिचे मूळ या तडजोडीत आहे.

मुंबईत हे तंत्र लवकर रुजले. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीतील जाणते छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टनच्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. म्हणजे मराठी माणूस कॅमेऱ्यासमोर आला त्याच सुमारास तो कॅमेऱ्यामागेही उभा होता. ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही.

मात्र त्या काळातील गाजलेली चित्रे दुसरीच आहेत. विल्यम जॉन्सनच्या ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज’ या १८६३ आणि १८६६ मधील दोन खंडांत मुंबईत राहणाऱ्या जातिजमातींचे नमुने आहेत. त्यातील माणसे एका जागी टिपून, त्यांच्या आकृती वेगळ्याच ठिकाणच्या दृश्यावर चिकटवून बरीच चित्रे बनवली आहेत. माणसावरचा उजेड एकीकडचा, मागच्या इमारतीवरचा दुसरीकडचा. नीट पाहिले की सावल्यांची दिशा जुळत नाही. नैसर्गिक प्रकाशाची ही अवहेलना मला नेहमी बोलकी वाटत आली आहे : माणूस आणि त्याचे ऊन यांची ताटातूट करता आली, की त्याचा ‘नमुना’ करणे सोपे जाते.

यानंतरचा उद्योग अधिक अवाढव्य. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून निघाले. साडेचारशेहून अधिक छायाचित्रे, आणि प्रत्येकासोबत त्या जातीचे किंवा जमातीचे वर्णन. बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही, गटाचे आहे. १८६९ मध्ये लंडनला गेलेल्या सर सय्यद अहमद खान यांनी हे खंड पाहिले तेव्हा ते आणि त्यांचा मुलगा किती शरमिंदे झाले, हे त्यांनीच पत्रात लिहून ठेवले आहे.

आणि इथे धाराशिवची वाट येते. या खंडांचा मजकूर लिहिणाऱ्यांत प्रमुख होता कर्नल फिलिप मेडोज टेलर. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिला. तो १८६० पर्यंत त्यांच्याकडे राहिला. या नळदुर्ग मुलखाचा कारभार १८५३ पासून १८५७ पर्यंत टेलरने पाहिला. बोरी नदीवरच्या त्या किल्ल्यात त्याचा मुक्काम असे. गावोगाव हिंडून त्याने पाहणी केली, लोकांच्या तक्रारी ऐकल्या, तुळजापूरची यात्रा पाहिली. निवृत्त होऊन मायदेशी गेल्यावर, १८६३ मध्ये, त्याची ‘तारा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची बालविधवा मुलगी आहे, आणि अफजलखानाच्या स्वारीचा काळ तिची पार्श्वभूमी.

‘तारा’ वाचताना लक्षात येते की टेलर या मुलखात लोकांच्या किती जवळ बसलेला होता. घरातले बोलणे, देवीच्या पायरीवरची गर्दी, बापाचे लेकीवरचे जीव टाकणे, हे हातभर अंतरावरून पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही. कादंबरीत पूर्वग्रह नाहीत असे नाही. पण माणसाला नाव आहे, घर आहे, आणि चेहऱ्यावर त्याच्याच उंबऱ्यावरचा उजेड आहे. तोच टेलर काही वर्षांनी ‘पीपल ऑफ इंडिया’साठी लिहू लागतो तेव्हा समोर माणूस नसतो, कागदावर चिकटवलेला छाप असतो. मग वाक्ये बदलतात. ‘ही’ जात अशी असते, ‘हे’ लोक असे वागतात. एकाच लेखकाची ही दोन अंतरे आहेत. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, असे मी वर्गात सांगत आलो आहे. निवेदनाचे अंतर म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आपल्या जिल्ह्यात तरी मला सापडलेले नाही.

तथापि दूरचे चित्र तुच्छतेचे आणि जवळचे प्रेमाचे, असे समीकरण कुणी मांडू नये. पॅरिसच्या पोलिसांत आल्फोन्स बर्तियों याने १८८० च्या दशकात गुन्हेगारांच्या छायाचित्रांची पद्धत बसवली, तीत खुर्ची आणि कॅमेरा यांचे अंतर कायमचे ठरवून टाकलेले होते. चेहरा भरपूर जवळ, आणि त्यात माया शून्य. उलट लग्नातला तो साडेचार मीटरवरचा घोळका! त्यात छायाचित्रकार दूर उभा आहे तो सगळे मावावेत म्हणून, कुणी वगळले जाऊ नये म्हणून. अंतर कुणी ठरवले आणि कशासाठी, हे पाहावे लागते.

निजामाच्या राज्यात हा प्रश्न दरबारी रीतीने सुटला होता. मुलूख परत मिळाल्यावर धाराशिव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिला, आणि त्या संस्थानाचा चेहरा जगाला दाखवला तो लाला दीनदयाळ यांनी. १८४४ मध्ये सरधन्याला जन्मलेले आणि रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले दीनदयाळ १८८५ मध्ये सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. सिकंदराबादला आणि पुढे मुंबईलाही त्यांचे स्टुडिओ होते. त्या काळातील स्टुडिओ म्हणजे काचेचे छत आणि पडदे : पडदा ओढून सूर्यप्रकाश कमीजास्त करायचा. विजेचे दिवे अजून या कामाचे झालेले नव्हते, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील बहुतेक सगळी व्यक्तिचित्रे नैसर्गिक प्रकाशातलीच आहेत. आपण आज तो शब्द विशेषण म्हणून वापरतो. त्यांना दुसरा पर्यायच नव्हता.

दरबारी व्यक्तिचित्रात अमीर-उमराव बहुधा पायांपासून फेट्यापर्यंत दिसतो. तलवार, जोडे, गालिचा, खुर्चीचे नक्षीकाम, सगळे चौकटीत हवे. म्हणून कॅमेरा आदबीने मागे सरकतो. हे अंतर बसणाऱ्याने ठरवलेले आहे. १८९२ मध्ये दीनदयाळ यांनी हैदराबादला खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला, आणि तो एका इंग्रज बाईंकडे, श्रीमती केनी-लेव्हिक यांच्याकडे सोपवला. भिंग तेच असेल, प्लेट तीच. पण त्यामागे कोण उभे आहे, यावर पडदानशीन स्त्रिया कॅमेऱ्यासमोर बसणार की नाही, हे अवलंबून होते. नाभीय अंतराच्या कोणत्याही कोष्टकात ही नोंद नसते.

कृष्णधवलाविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिने या जिल्ह्यातील चेहऱ्यांवर भिंगापेक्षाही अधिक परिणाम केला. कलोडियनच्या ओल्या काचा आणि सुरुवातीच्या कोरड्या प्लेटा फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जागत. तांबडे त्यांना दिसतच नसे. त्यामुळे गव्हाळ आणि सावळा वर्ण प्रत्यक्षाहून कितीतरी काळा उमटे, आणि कुंकू तर कोळशाच्या ठिपक्यासारखे. ‘पीपल ऑफ इंडिया’तील माणसांचे काळेपण काही अंशी त्या रसायनाचे आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. १८७३ मध्ये फोगेल याने प्लेटांना हिरव्या-पिवळ्याची जाण आणली. तांबड्यासह सर्व रंगांना जागणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेटा १९०६ नंतर बाजारात आल्या. मग उलटाच घोटाळा झाला. तांबडे फिकट उमटू लागले आणि सावळ्या कपाळावरचे कुंकू दिसेनासे झाले. आजी-पणजीच्या जुन्या फोटोत ठसठशीत काळे कुंकू आणि आईच्या फोटोत जवळजवळ कोरे कपाळ, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांनी त्यातून सामाजिक निष्कर्ष काढण्यापूर्वी फिल्मचा प्रकार विचारावा! हिरवा फिल्टर लावला की कुंकू परत येते. पण तो उजेडाचा निम्म्याहून अधिक भाग खातो, आणि घरातल्या उजेडात तेवढी उधळपट्टी परवडत नाही.

घरातला उजेड. १९९३ च्या आधी या भागातील गावे माळवदाची होती : मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर लाकडाच्या तुळयांवर मातीचा जाड थर, आणि त्या थरात उजेडासाठी ठेवलेला एखादा झरोका. भिंतीला खिडकी बहुधा नसेच. उजेड यायचा तो वरच्या झरोक्यातून खांबासारखा उभा, किंवा दारातून आडवा. ज्या गावांना भूकंपाचा फटका कमी बसला तिथे अशी काही घरे मी आत जाऊन पाहिली. झरोक्याखाली बसलेल्या माणसाचे कपाळ आणि गालाची हाडे उजळतात, डोळे खोबणीत हरवतात. उंबऱ्यावर बसले की अर्धा चेहरा उजेडात, अर्धा शतकभराच्या धुराने काळवंडलेल्या अंधारात. कृष्णधवल व्यक्तिचित्रासाठी याहून चांगला स्टुडिओ कुणी बांधू शकणार नाही, असे त्या क्षणी मला वाटले, आणि दुसऱ्याच क्षणी लाजही वाटली. कारण त्याच भिंती आणि तेच माळवद त्या पहाटे झोपेतल्या माणसांवर कोसळले होते.

भूकंपात उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी पूर्णपणे नव्याने वसवली गेली. नवी घरे सिमेंटची, हलकी, खिडक्यांची, चुन्याने पांढरी केलेली. त्यांत उजेड सगळीकडून येतो आणि सगळ्या भिंतींवरून परततो. चेहऱ्यावर सावली अशी उरतच नाही. नव्या पिढीच्या फोटोंत चेहरे ‘स्वच्छ’ येतात. एका जिल्ह्याच्या चेहऱ्यांवरचा उजेड एका रात्रीत बदलला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. आणि जुना उजेड असता तर फोटो चांगले आले असते, अशी हळहळ व्यक्त करण्याचा अधिकार छायाचित्रकाराला नाही.

इथे पुन्हा नाभीय अंतराकडे येतो, कारण मंद उजेड आणि लांब भिंग यांचे पटत नाही. हातात धरलेला कॅमेरा हलू नये म्हणून शटरचा वेग निदान नाभीय अंतराच्या आकड्याइतका ठेवावा, असा जुना आडाखा आहे : ५० ला सेकंदाचा साठावा भाग चालतो, ८५ ला शंभरावा तरी हवा, १३५ ला दीडशेवा. उंबऱ्याच्या आत दोन हात गेलो की ४०० वेगाच्या फिल्मवर साठावा भागही मारूनमुटकून मिळतो. तालुक्यातील स्टुडिओवाले एकेकाळी उदकमंडलमच्या ‘इंदू’ फिल्मवर काम करत. ते गिऱ्हाइकाला अंगणात का बसवत, याचे एक कारण हेही असावे. उजेड जितका कमी, तितके आखूड भिंग; भिंग जितके आखूड, तितके जवळ जावे लागणार. माळवदाच्या घरात व्यक्तिचित्र काढायचे, तर दूर राहण्याची सोयच नव्हती.

दूर राहण्याची सोय बाहेर, भर उन्हात आहे, आणि तिचा उपयोग नवरात्रात तुळजापुरात पुरेपूर होतो. गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेले आराधी, पोत घेतलेल्या बाया, मळवट भरलेले म्हातारे यांना रस्त्याच्या पलीकडून २०० मिलिमीटरच्या भिंगाने टिपणारे हौशी लोक दर वर्षी वाढताना दिसतात. सुरकुत्या, पांढरी दाढी, काळी धूसर पार्श्वभूमी. चित्रे देखणी असतात, बक्षिसेही मिळतात. खाली लिहिलेले असते ‘श्रद्धा’ किंवा ‘वार्धक्य’. नाव नसते, कारण विचारलेले नसते. रस्ता ओलांडावा लागला असता. ‘पीपल ऑफ इंडिया’त गटाचे नाव होते, इथे भाववाचक नाम आहे, एवढाच फरक. जवळून काढले म्हणजे हे टळते असेही नाही. स्टीव्ह मॅकरी याने १९८४ मध्ये निर्वासितांच्या छावणीत १०५ मिलिमीटरच्या भिंगाने टिपलेली ती हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी साऱ्या जगाला ठाऊक झाली. तिचे शरबत गुला हे नाव जगाला कळले २००२ मध्ये.

याच्या दुसऱ्या टोकाला रिचर्ड अ‍ॅव्हेडन. १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातील खाणकामगार, भटके, गुराखी यांची व्यक्तिचित्रे त्याने सावलीत, पांढऱ्या कागदासमोर, केवळ नैसर्गिक प्रकाशात काढली. कॅमेरा आठ बाय दहा इंचाच्या फिल्मचा. इतक्या मोठ्या फिल्मवर ३०० मिलिमीटरच्या पुढचे भिंगही आपल्या ५० सारखे साधे ठरते. पण तो कॅमेऱ्यामागे लपत नसे. भिंगाच्या शेजारी, समोरच्याला दिसेल असा उभा राही. त्या चित्रांतील थंडपणा मला झेपत नाही, पण ही उभे राहण्याची रीत मी त्याच्याकडून उचलली. तिपाईवर कॅमेरा, हातात तार, आणि आपण बाजूला.

लोहाऱ्याकडच्या त्या गावांत शेवटी मी ५० मिलिमीटरचे भिंग लावले. नव्वद सेंटिमीटरवर बसल्यावर बाया आधी संकोचत, मग विसरत. घाट थोडा बिघडतो, नाक किंचित मोठे येते, हे खरे. पण भिंतीवरच्या त्या सपाट चेहऱ्यांखाली बसून पुन्हा तसाच सपाट, ‘सुंदर’ चेहरा काढणे मला जमेना. हे बरोबरच होते असा माझा दावा नाही. माझ्याच एका विद्यार्थिनीने नंतर ८५ ने काढलेली चित्रे बायांना जास्त आवडली. ‘सरांनी आमची नाकं वाढवली’ असा शेरा मला ऐकावा लागला.

एक आजी मात्र कोणत्याच भिंगावर खूश नव्हत्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या; जात्यावरच्या ओव्या त्यांच्याइतक्या कुणाला येत नव्हत्या. त्यांच्या घरात भिंतीवर तीन चौकटी होत्या, तिन्हींखाली तीच तारीख. मी उंबऱ्याशी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसलो, उजेड पाहिला, खांद्यापर्यंतची चौकट लावली. त्यांनी विचारले, ‘‘कुठवर येतंय?’’ मी छातीपर्यंत हात दाखवला. त्यांनी मान हलवली.

‘‘आवं सर, पाय येऊ द्या की. बिनपायाचा फोटू मेल्यावर लावत्यात.’’

मग त्या उठून दारात उभ्या राहिल्या. पदर नीट केला, पायात चपला घातल्या. पूर्ण उंची बसवायची तर ५० ला पावणेतीन मीटर लागतात. मी तिपाई उचलून मागे मागे सरकत गेलो, अंगणातल्या कडुनिंबाला पाठ टेकेपर्यंत. तिथूनही चौकटीत चपला जेमतेम मावत होत्या. ‘‘दिसत्यात का?’’ त्यांनी तिकडून ओरडून विचारले. मी दिसतात म्हटल्यावर त्यांनी शेजारणीला हाक मारली, आणि तिला येईपर्यंत मला थांबायला सांगितले.